सुटलेल्या नाडीचं बदक

मनियागो या चाकूंच्या गावात सकाळ कोंबड्याने होत नसे, दगडाने होई. सात वाजले की ओळीने सगळ्या कारखान्यांतले धारेचे दगड फिरायला लागत आणि ती घरघर पाटाच्या काठाकाठाने घरोघर पोचे. पूर्वी हे दगड पाटाच्या पाण्यावर चालत. आता वीज आली होती, तरी म्हाताऱ्या बायका खिडक्या उघडताना म्हणत, "चला, पाणी उठलं."

ओनोरिना त्या घरघरीत जन्मली, तिच्यातच तिचं लग्न झालं, आणि त्याच दगडांची धूळ छातीत साठून तिचा नवरा गेला. मागे एकच मुलगा, सिल्वानो, तेवीस वर्षांचा. तोही दगडावरच बसे. रोज सकाळी ओनोरिना त्याचं तोंडाला बांधायचं फडकं स्वतः भिजवी, स्वतः बांधी आणि गाठ दोनदा ओढून बघे.

"आई, मी लग्नाच्या वयाचा झालो," तो फडक्याआडून म्हणे.

"म्हणूनच दोनदा ओढते."

ती ओलिंतो चेस्कुतच्या कारखान्यात माडीवर जुळणीला होती. बटण दाबलं की पातं खटकन उसळून बाहेर येतं, त्या चाकूंच्या. खाली पाती घडत, मुठी कापल्या जात. माडीवर बायका ते सगळं एकत्र आणत. पात्याच्या बुडाशी एक बारीक खाच असते. बटणाचा दात त्या खाचेत बसतो आणि ताणलेल्या स्प्रिंगला तेवढ्या एका दातावर अडवून धरतो. केसभर फरक पडला तर चाकू उघडत नाही, किंवा नको तेव्हा उघडतो. इतर बायका भिंग लावून बघत. ओनोरिना कानाने ओळखायची. सदतीस वर्षं तिने तोच आवाज ऐकला होता.

माडीवर एक जुनी रीत होती. मुठीच्या दोन पाट्या खिळे ठोकून कायमच्या बंद करायच्या आधी प्रत्येकीने आतल्या पितळेवर आपली खूण कोरायची, शेजारी महिना आणि साल. चाकू परत आला तर चूक कुणाची ते कळावं म्हणून. ओनोरिनाची खूण शिडी: दोन उभ्या रेघा, तीन आडव्या. समोर बसणाऱ्या पाल्मिराची खूण मासा.

"माझे मासे पाण्यात गेले की गेले," पाल्मिरा म्हणे. "तुझ्या शिडीवरून मात्र लोक परत येतात."

दुसरी रीत मालकांची. नव्या नमुन्याचा पहिला नग विकायचा नाही. कारखान्यातल्या कुणीतरी तो वर्षभर खिशात वागवायचा. पाव त्या चाकूनेच कापायचा, सलामीचं सॉसेज त्यानेच, द्राक्षाची वेलही त्यानेच छाटायची. वर्ष सरलं की चाकू मालकांच्या खोलीत खिळ्यावर लटके आणि खाली वागवणाऱ्याचं नाव लागे. याला 'खिशातलं वर्ष' म्हणत. कायद्याने असा चाकू घेऊन हिंडता येत नसे, पण गावातले पोलीस आपलेच चाकू धारेला आणून देत. ते कुणाला काय विचारणार?

अडुसष्ट सालच्या फेब्रुवारीत मिलानच्या दुकानातून दुरुस्तीचं पुडकं आलं. चार चाकू निघाले. तीन नेहमीचे, काळ्या शिंगाच्या मुठीचे. चौथा छोटासा, मिटला की हाताच्या मुठीत लपेल एवढा. त्याला सुतळीने एक चिठ्ठी बांधली होती.

'आपोआप उघडतो. खिशात. दोनदा.'

त्याची मूठ सायीच्या रंगाची होती आणि तिच्यावर लाल बूट घालून, छत्री घेऊन निघालेलं एक बदक होतं. दुसऱ्या बाजूला टोपी काढून वाकलेला कोल्हा. बदकाच्या उजव्या बुटाची नाडी सुटून मागे लोंबत होती.

ओनोरिनाने चाकू खाली ठेवला.

ते बदक तिचं होतं. मालक गेले काही दिवस म्हणत होते, काळ्या मुठींना लोक कंटाळलेत, काहीतरी गमतीचं हवं, बायकांच्या पर्समध्येही शोभेल असं. म्हणून चार दिवसांपूर्वी मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळता ढवळता तिने पिठाच्या रिकाम्या पिशवीवर पेन्सिलीने ते काढलं होतं. नाडी बांधायची राहिली, कारण तेवढ्यात पोलेंटा तळाला लागायला आला. पिशवी घडी करून तिने कपाटात टाकली होती. कुणालाच दाखवली नव्हती.

"पाल्मिरा, हा नमुना कुणाचा गं?"

पाल्मिराने कपाळावरचा चष्मा खाली ओढला. "आपला नाही. रंग बघ किती उडालाय. आपण शाळेत होतो तेव्हाचा असेल." मग पुन्हा निरखून म्हणाली, "बदक मात्र तुझ्यासारखंच चालतंय, सोमवारी बाजाराला निघाल्यासारखं."

रंग खरंच उडाला होता, नेमका अंगठा टेकतो तिथे. पात्याला इतक्यांदा धार लावली होती की ते निम्मंच उरलं होतं. असं पातं व्हायला वीस-तीस वर्षं लागतात.

तिने खाच तपासली. कोरी होती, कालच कापल्यासारखी. दात घट्ट बसत होता. वीस वेळा बटण दाबलं, वीस वेळा आवाज बरोबर आला. मग पातं मिटून तिने सुरक्षेची बारीक खिटी पुढे सरकवली, म्हणजे बटण दबत नाही, आणि चाकू टेबलावर ठेवला.

बारा वाजता सिल्वानो तिला जेवायला बोलवायला वर आला. टेबलावर वाकून म्हणाला, "हे काय, बदक?"

खट्.

कुणी हात लावला नव्हता. पातं बाहेर आलं, चाकू लाकडावर अर्धा फिरला आणि टोक सिल्वानोकडे वळून थांबलं.

"अरे वा," तो हसला. "मला ओळखतो वाटतं!"

ओनोरिनाने चाकू उचलला. खिटी पुढेच होती.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. दिवसभर ती, पाल्मिरा, इतर बायका टेबलाशी येत-जात होत्या. चाकू गप्प होता. बारा वाजता सिल्वानो वाकला आणि खट्. या वेळी पाल्मिराच्या हातातला खिळा खाली पडला.

"उद्यापासून माडीवर येऊ नकोस," ओनोरिना म्हणाली. "खालूनच हाक मार."

तिसऱ्या दिवशी तिने खिळे पोखरून काढले आणि मूठ उघडली. आतल्या पितळेवर तांबूस तपकिरी थर होता. गंज आहे का बघायला तिने ओला बोळा फिरवला. थर सुटला. बोळा लालसर झाला. गंज पाण्याने सुटत नाही, आणि पितळेला तो चढतही नाही. चाकूच्या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

थराखाली शिडी होती. मधली आडवी रेघ जराशी तिरपी. काही वर्षांपूर्वी ओनोरिनाचं बोट मोडलं होतं, तेव्हापासून ती रेघ तशीच येई.

शेजारी कोरलेलं होतं: ४-६८.

फेब्रुवारी चालू होता. एप्रिल यायचा होता.

तिने मूठ पुन्हा बंद केली, चाकू सुतळीने बांधलेल्या चिठ्ठीसकट आपल्या खणात ठेवला आणि किल्ली फिरवली. पाल्मिराला म्हणाली, "मिलानला पत्र टाक. विचार, तो छोटा कुणाचा?"

संध्याकाळी घरी जाऊन तिने आधी कपाट उघडलं. ती पिशवी चुलीत घालायची होती. पिशवी नव्हती.

"ती बदकाची?" सिल्वानो कडू पाल्याची कोशिंबीर खात होता. "ती मी मालकांना दाखवली. हसून हसून खुर्चीतून पडायचे बाकी होते! एप्रिलात पहिला नग काढणार म्हणाले. आणि खिशातलं वर्ष कुणाचं, सांग?"

तिने कपाटाचं दार लावलं.

"माझं! आईचं चित्र, मग दुसऱ्या कुणाला देतील?"

"तू नाही म्हण."

"का?"

"मी सांगते म्हणून."

"हे कारण मी सहा वर्षांचा होतो तेव्हा चालायचं, आई." त्याने ताट बाजूला सारलं. "बाबा गेल्यापासून कारखान्यात मला सगळे 'ओनोरिनाचा पोरगा' म्हणतात. एकदा भिंतीवर माझं नाव लागू दे."

ती मालकांकडे गेली. ओलिंतो सत्तरीचा होता, खुर्चीतून उठायला त्याला वेळ लागे. तिच्यासाठी मात्र तो उठे.

"मालक, तो नमुना नको."

"का गं?"

"मला तो बरा वाटत नाही."

"चाकूच्या गावात जन्मलीस आणि बदकाला भ्यालीस?" तो हसला, मग तिचा चेहरा बघून थांबला. "काय झालं ते तरी सांग."

काय सांगणार? "मग जुळणी तरी दुसरीकडे द्या," ती म्हणाली.

"देतो. कुणाला देऊ? पोराच्या खिशात जायचाय तो, मांडीला लागून. तुझ्याइतका कान कुणाचा आहे, तूच नाव घे."

ती माडीवर जाऊन आपल्या जागी बसली.

मार्चमध्ये मिलानहून उत्तर आलं. पाल्मिराने मोठ्याने वाचून दाखवलं. आम्ही तीनच चाकू पाठवले होते, चौथ्याची काही कल्पना नाही.

"चौथा उडत आला असेल," पाल्मिरा म्हणाली. "बदकच ते." पण ती हसली नाही.

एप्रिलातल्या एका गुरुवारी पहिल्या नगाचे भाग माडीवर आले. नवी पाटी, ताजं बदक, चकचकीत लाल बूट. नाडी सुटलेलीच, मालकांनी ती मुद्दाम तशीच ठेवली होती.

ओनोरिनाने रात्रंदिवस विचार करून एक गोष्ट ठरवली होती. खूण कोरायची नाही. शिडी नसेल, तर हा तो चाकू नव्हे. सदतीस वर्षांत एकही मूठ तिने बिनखुणेची बंद केली नव्हती. ही करायची.

ती कामाला लागली. पातं बसवलं, स्प्रिंग ताणली, दात खाचेत सोडला. ऐकलं. पुन्हा ऐकलं. समोर पाल्मिरा सुनेची कागाळी सांगत होती. "बटाटे न पिळता चीजमध्ये टाकले! अख्खं फ्रिको तव्याला चिकटलं, आणि म्हणते कशी, सासूबाई, तवाच वाईट आहे." ओनोरिना हं हं करत होती. देवळात अकराचे ठोके पडले. तिने पाटी बसवली, खिळे ठोकले, डोकी घासून गुळगुळीत केली.

मग तिचं लक्ष उजव्या हाताशी गेलं. कोरणी तिथे पडली होती. सकाळी ती डबीत होती.

कोरणीच्या टोकाला पिवळी भुकटी होती.

"पाल्मिरा, मी खूण केली का?"

"म्हणजे?"

"आत्ता. कोरताना बघितलंस मला?"

"श्वास घेताना बघितलं का विचार. इतकी वर्षं करतेयस, कोण बघतंय?"

आत काय आहे ते बघायचं तर खिळे पोखरायला हवे होते. पण जिन्यावर पावलं वाजत होती, आणि मालकांचा खोकला, आणि सिल्वानोचं हसणं.

तिने खणाची किल्ली फिरवली. आत चिठ्ठी होती. सुतळी होती, तिची गाठ तशीच, न सुटलेली. सुतळीच्या फासात काही नव्हतं.

मालकांनी वाइन ओतली. रीतीप्रमाणे सगळे उभे राहिले. सिल्वानोने फडकं गळ्यात ओढलं, हात पँटला पुसला आणि तळवा पुढे केला.

ओनोरिनाने चाकू आपल्या एप्रनच्या खिशात टाकला.

"वर्ष माझं."

खाली दगड फिरत होते.

"बाईने आजवर कधी वागवला नाही," मालक हळूच म्हणाले.

"बाईने बदक तरी आजवर कुठे काढलं होतं?"

सिल्वानोचे कान लाल झाले होते. "आई, सगळ्यांसमोर..."

"राग धर," ती म्हणाली. "वर्षभर धर. चालेल मला."

तो वाइनला हात न लावता जिना उतरला.

बारा वाजता ती घरी गेली. वाटेत चाकू मांडीला लागत होता. गार, गप्प. सिल्वानो आधीच टेबलाशी बसला होता, तिच्याकडे पाठ करून. त्याचे दोन्ही खिसे रिकामे होते. तिने ते दारातून नीट बघून घेतलं आणि पहिल्यांदा श्वास मोकळा सोडला.

चाकू काढून तिने फळीवर ठेवला. मिटलेला होता. खिटी पुढे.

मग तिने एप्रन सोडला. नवा होता, याच सोमवारी बाजारातून घेतलेला. खळीचा वास अजून गेला नव्हता.

खुंटीला अडकवताना खिशाच्या तळाशी बोटांना काहीतरी खरबरीत लागलं.

तिने खिसा उलटा केला.

चार बोटं लांब फाटलं होतं, आणि फाटलेलं शिवलं होतं. म्यान शिवायच्या मेणाच्या दोऱ्याने. टाके लांब, वेडेवाकडे, एकात एक गुंतलेले. कधी सुई न धरलेल्या हाताचे, ज्याचं शिवून द्यायला घरात कुणी उरलं नाही अशा माणसाचे. टाक्यांभोवती तळहाताएवढा एक फिका तांबूस डाग होता.

"सूप निवतंय, आई," सिल्वानो पाठ न वळवता म्हणाला.

"आले."

तिने दोऱ्यावरून बोट फिरवलं. धुऊन धुऊन तो पांढरा पडला होता.