ब्रेकवरचा पाय

माझं कुणी खरं मानलं न्हाई. पोलिसानं न्हाई, भावकीनं न्हाई, आन् चांगदेवमामानं तर न्हाईच न्हाई.

चांगदेवमामा म्हंजी कारेगावातल्या आमच्या गॅरेजशेजारचा चहावाला. सत्तरीचा म्हातारा. अंधार पडला की कंपनीतनं सुटलेली पोरं त्याच्या टपरीपुढं बसत्यात आन् तो त्यांना भुताची गोष्ट सांगतो. "माझ्या वळखीच्या माणसासंगं घडल्याली हाय. खोटं निघालं तर चहा फुकट," म्हणतो. पोरं जवळजवळ सरकून ऐकत्यात. त्या गोष्टीतलं भूत माझा भाऊ हाय. म्हातारा सांगतो झकास, पण शेवटाला नाव चुकीचं घेतो. म्हणून मीच लिहायला बसले. चौथी शिकले मी. एवढ्याला तेवढं पुरतं.

आमच्यात बाया नवऱ्याचं नाव घेत न्हाईत. मी घेते, गोंधळ नको. गेणबा. रस्त्यात बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायचं त्याचं काम. बारा वरसं जीपला दोर बांधून ओढल्या. दोरानं ओढायचं तर मागच्या गाडीत एक माणूस लागतो, स्टेअरिंग धरायला आन् ब्रेकवर पाय ठेवायला. न्हाईतर उताराला मागची गाडी पुढचीच्या बोकांडी बसती. तो मागचा माणूस म्हंजी माझा धाकटा भाऊ बिरदेव. आई गेली तवा तो अडीच वरसाचा व्हता आन् मी चौदाची. मी सासरी आले तवा त्याला कडेवर घेऊनच आले. सासू म्हणली, "नवरी आली का आई आली?" मी म्हणले, "दोन्ही आल्या."

मग गेणबानं ट्रेलर आणला. चार चाकांचा. बंद गाडी वर चढवायची, पट्ट्यांनी आवळायची आन् निघायचं. आवळायचं काम माझं. मी आवळलेला पट्टा सुटत न्हाई, हे कारेगावात कुणालाबी इचारा.

ट्रेलरच्या चाकांना विजेवरचे ब्रेक व्हते. ट्रेलरचं वायरिंग करणाऱ्या ज्ञानेश मिस्तरीनं मला नीट समजावलं. "काकू, नुसते ब्रेक असून भागत न्हाई. जीपमधी ड्रायव्हरपाशी कंट्रोलरची डबी बसवावी लागती. पुढं ब्रेक दाबला की डबी वायरीतनं मागच्या चाकांना करंट धाडती. मागं वजन किती हाय ते बघून तिची चकती फिरवायची. डबी न्हाई तर मागचे ब्रेक मुके."

"आन् जीप चालंल का?"

"हलकी पडती. ट्रेलर आन् वरची गाडी मिळून जीपपेक्षा जड हायत. तुम्ही मोठी पिकअप बघा."

गेणबा हसला. "माझी जीप हत्ती ओढील, हत्ती!"

"ओढील," मी म्हणले. "पण थांबवील का?"

"गिते, तू आपले पट्टे आवळ."

डबी मागवली. चार दिसांनी येणार व्हती.

त्याआधीच फोन आला. ११ डिसेंबर २०२४, बुधवार. दौंडात एका मंगल कार्यालयाच्या दारातच कुणाची तरी गाडी बंद पडलेली, आन् नवरदेवाची गाडी बाहेर अडकलेली. मी म्हणले, डबीबिगर ट्रेलर हलवायचा न्हाई. गेणबा म्हणला, "हळू आणू की. एवढ्यानं काय हुतंय?" मी भांडले, आन् भांडतच जीपमधी बसले.

दौंडात गाडी चढवली. पट्टे आवळले. मागं ब्रेक न्हाई, मागं ब्रेक न्हाई, एवढंच डोक्यात. आन् बारा वरसांची सवय तोंडातनं बाहेर पडली.

"बिरदेवा, वरच्या गाडीत जाऊन बस. ब्रेकवर पाय ठेव."

"आक्के, खुळी का काय? गाडी बांधून ठेवलीया. तिची चाकं फिरायचीच न्हाईत. ब्रेक दाबून काय हुणार?"

"मागं माणूस लागतोच. मी सांगितल्याबिगर पाय काढायचा न्हाई."

"लघवीला लागली तरी?"

"तरीबी न्हाई."

"दाजी, बघा की तुमची बायको!" म्हणत हसत चढला. चौतिसाचा झाला व्हता, पण माझं ऐकायची खोड काय गेली न्हाई.

इनामगाव सोडलं की ओढ्याचा उतार लागतो. सांजचे सव्वासात. गेणबानं ब्रेक दाबला. जीप थांबाया बघत व्हती, ट्रेलर थांबंना. मागनं ढकललं. परत ढकललं. ट्रेलर डावीकडं झोकला, उजवीकडं झोकला, आन् हुक तुटला.

जीप रस्त्यावर राहिली. ट्रेलर ओढ्यात गेला.

पट्टे सुटले न्हाईत. एकबी न्हाई. सुटले असते तर बिरदेव गाडीसकट बाहेर फेकला गेला असता, वाचला असता, असं एकजण म्हणला. आम्ही खाली पोचलो तवा बिरदेवाची मान कलली व्हती. उजवा पाय ब्रेकवर तसाच व्हता. दाबलेला.

पोलिसाला मी सांगितलं, मी बसवलं त्याला, मी. तो म्हणला, "बाईंना पाणी द्या, धक्का बसलाय." आन् गेणबाचं नाव लिहून घेतलं. भावकी म्हणली, हलकी जीप घेतली, डबीबिगर निघाला, मेव्हण्याला खाल्लं. गेणबा मान खाली घालून ऐकायचा. मी दोन-चारदा खरं सांगून बघितलं, मग गप बसले. दुसऱ्याला बोल लागला की जरा बरं वाटायचं. खोटं कशाला सांगू.

वरसाच्या आत मोठी पिकअप आली. ट्रेलर नीट केला. डबी बसली. मागचे ब्रेक जोडलेले असले की डबीवर लाइट लागती; आता गेणबा ती बघितल्याबिगर किल्ली फिरवत न्हाई.

१४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार. दौंडातनं एक गाडी भरली. तिची बॅटरी मालकानं काढून आमच्याकडं दिली, ती माझ्या पायापाशी व्हती. मागच्या गाडीत कुणी न्हाई. निघालो तवा रातचे दहा वाजलेले. काष्टी गेली. इनामगाव गेलं. थंडी पडलेली, कुत्रंबी रस्त्यावर न्हाई. गेणबा पोरीच्या सोयरिकीचं बोलत व्हता.

उताराला लागलो. पावणेअकरा.

गेणबा बोलायचा थांबला.

"गिते... डबीची लाइट गेलीया. कवा गेली?"

त्यानं ब्रेक दाबला. मी डोळं मिटलं. आता ढकलणार. आता...

ढकललं न्हाई.

ट्रेलर मागं वढत व्हता. हळू. बैल कासऱ्यानं आवरावा तसा. पिकअप सावकाश खाली आली. पुलापाशी थांबली. इंजिन बंद झालं.

आरशात बघितलं. मागच्या बाभळी लाल झालेल्या. त्या बंद गाडीच्या ब्रेकलाइटी लागल्या व्हत्या.

बॅटरी माझ्या पायापाशी.

गेणबा रडाया लागला. आवाज न करता. मग म्हणला, "जा. सांग त्याला. काढ म्हणावं पाय. तो तुझंच ऐकतो."

मी उतरले. ट्रेलरला धरून चालत गेले. पिकअपमधनं ट्रेलरच्या ब्रेकला करंट न्हेणाऱ्या वायरीचा पलग निखळून रस्त्यावर लोंबत व्हता. मागं कुठं तरी सुटला असणार, घासून घासून त्याच्या पितळी काड्या सपाट झालेल्या. मी गाडीच्या दारापाशी उभी राहिले. काच काळी. आत काय दिसंना.

"बिरदेवा..."

लाल उजेड जरासा हलला.

दोन शब्द सांगायचे व्हते. काढ पाय. दोनच. सांगितले की तो सुटला असता. गेला असता. मग त्या उताराला काय राह्यलं असतं? नुसता ओढा. तोंड उघडलं, आन् निघालं ते भलतंच.

"जेवलास का रं?"

...

उजेड गेला. मी खाली वाकून ट्रेलरच्या चाकाच्या ब्रेकड्रमला हात लावला. चटका बसला.

ज्ञानेशला सांगितलं तर म्हणला, "काकू, पलग सुटायच्या आधीचे तापले असतील." पलगाच्या काड्या दाखवल्या; एवढ्या घासल्या म्हंजी लई मागंच सुटलेला, ड्रम कवाच गार व्हायला पायजे व्हते. हातात घेऊन बघत बसला बराच येळ. नवा पलग बसवून दिला, आन् येतो कधी तरी घरी, म्हणून गेला तो अजून आला न्हाई.

आता चांगदेवमामा गोष्ट कशी सांगतो ते ऐका. म्हणतो, त्या उतारावर एक ड्रायव्हर अजून ब्रेक दाबून बसलाय. त्याला सुटका न्हाई, कारण त्याच्या दाजीनं चूक केली. मग आवाज बारीक करून नाव घेतो: गेणबा. माझा नवरा तिथंच गॅरेजात स्पॅनर पुसत असतो, ऐकत असतो.

परवा मी उठून उभी राहिले. म्हणले, "मामा, नाव बदला." सगळं सांगितलं. पोरं खाली बघाया लागली. मामा म्हणला, "पोरी, दुःखानं बोलतीयास. घरी जा."

एक गोष्ट मात्र मी तिथंबी सांगितली न्हाई. गेणबालाबी ठाऊक न्हाई. ती इथं सांगते. त्या रातीनंतर तीनदा दौंडची खेप झाली. तिन्ही येळा मी इनामगावला "पट्टे बघते" म्हणून उतरले आन् माझ्या हातानं पलग उपसला. नवरा स्टेअरिंगवर हाय हे माहीत असून. इंजिन चालूच असायचं, म्हणून त्यानं लाइट परत बघितली न्हाई. तिन्ही येळा ट्रेलर हळू उतरला. तिन्ही येळा पुलापाशी परत उतरून मी त्या गाडीच्या दारापाशी गेले आन् ते दोन शब्द बोलले न्हाई. काल विचारलं, "थंडी वाजती का?"

काल ड्रमवर हात जरा जास्तच ठेवला. तळव्याला फोड आलाय, पेन धरताना टोचतोय. घरात तवा तापला न्हाई, चूल पेटली न्हाई. गेणबानं फोड बघितला.

तवा पोरांनो, पुढच्या बारीला म्हातारा गोष्ट सांगंल तवा त्याला मधीच अडवा. पहिल्यांदा ज्यानं त्याला तिथं बसवलं, आन् अजून ज्यानं त्याला उठू दिलं न्हाई, ते एकच माणूस हाय. नाव लिहून घ्या.

गिताबाई.