टिक्कूची मान

बडनेऱ्याच्या वळणावर ऑटो कचकन वळला आणि दामिनीच्या मांडीवरचं डोकं निसटून गडगडत थेट कूलरच्या दुकानात शिरलं.

"मॅडम, तुमचं डोकं इकडं आलं!" आतून आवाज आला.

"माझं नाही, टिक्कूचं आहे," म्हणत ती हसत उतरली.

पुठ्ठ्याचं ते डोकं हातात घेऊन उभा होता नितेश, कूलर दुरुस्त करणारा. टिक्कू म्हणजे मुलांच्या लाडक्या सिनेमातला यंत्रमानव; मुलांनी काहीही मागितलं की मान डोलावून 'हो' म्हणणारा. दामिनीच्या चौथीच्या वर्गाने स्नेहसंमेलनासाठी तो हुबेहूब बनवला होता. मान तेवढी हलत नव्हती.

"कूलरची जाळी फिरवते ना, ते मोटर लावून देतो," नितेश म्हणाला. "थंडीत तशीबी झोपूनच राह्यते ते."

मग रोज शाळा सुटली की तो अमरावतीला तिच्या वर्गात येऊ लागला. स्क्रू तो आवळायचा, टॉर्च ती धरायची. उजेड मात्र कधी कधी भलतीकडेच जायचा… त्याच्या कपाळावर आलेल्या केसांवर.

"मॅडम, स्क्रू इकडं हाये."

"माहीत आहे मला!"

संमेलनाच्या आदल्या संध्याकाळी बटण दाबलं. टिक्कूने मान हलवली — डावीकडे, उजवीकडे.

"अहो, हा तर नाही म्हणतोय!"

"अरे बाप्पा! जाळीची सवय पडली ना हाताले." नितेशने कपाळावर हात मारला. "बिजागरी उभी बसवली, म्हणून मान दारावानी फिरून राहिली. ही बिजागरीची फळी काढून आडवी लावली, का झाकणावानी वरखाली होते."

तेवढ्यात अकोल्याहून आईचा फोन आला. शांत वर्गात तिचा आवाज खणखणीत ऐकू येत होता. "रविवारी तुले पाहाले पाहुणे येऊन राहिले. साडी इस्त्री करून आण."

दामिनीने फोन ठेवला. नितेश पकडीशी चाळा करू लागला. मग तिच्याकडे न पाहता म्हणाला, "टिक्कू, एक सांग… रविवारी अकोल्याले त्या पाहुण्यांच्या जागी मी गेलो, तं मॅडमले चालन का?"

टिक्कूची मान — डावीकडे, उजवीकडे. डावीकडे, उजवीकडे.

नितेश कसंनुसं हसला. "बरोबर हाये त्याचं," म्हणत तो अवजारं पिशवीत भरू लागला.

दामिनीने त्याच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर काढून घेतला. टिक्कूचं बटण बंद केलं. चारही स्क्रू सोडवून फळी आडवी फिरवली, पुन्हा आवळली. या वेळी टॉर्च त्याने धरली होती. बटण दाबून ती म्हणाली, "आता इचारा."

वर्गात ती कधी अशी बोलत नसे. ही तिची घरची बोली होती.

त्याने पुन्हा विचारलं. टिक्कू मान डोलावत राहिला… वर-खाली, वर-खाली.

"त्याचं समजलं," नितेश हळूच म्हणाला. "अन् तुमचं?"

दामिनीने मान खाली घातली. मग वर केली… आणि पुन्हा खाली.