घाटावरचे पाठमोरे

काही नाही गा प्रेमानंद, साधं काम होतं. नंदनवनले पिंकीच्या घरी जायचं, तिच्या हॉलमधलं चित्र उतरवायचं अन् माझ्या रूमवर आणून ठेवायचं. आठ दिवस झाले, तिचा ताप उतरूनच नव्हता राहिला. फोनवर एवढंच म्हणे, "दादा, हे घेऊन जा घरातून." बहीण आहे बे, गेलो.

चित्र तिच्या नवऱ्यानं, उन्मेषनं, एका जुन्या बंगल्याच्या लिलावातून आणलं होतं. दीडशे वर्षं जुनं, कोण्या इंग्रज साहेबानं काढलेलं. नदीकाठचं गाव, देवळांचे कळस, पिवळट संध्याकाळ. अन् पाण्यापासून पायऱ्या चढून जाणारी माणसं. सगळे पाठमोरे.

भर मे महिना, दुपार, लाइन गेलेली, पंखा बंद. पूर्ण हॉलमध्ये ओला वास.

"कूलरचं पाणी बदलत जा वं, वास मारून राहिला."

"टाकी कोरडी आहे दादा. दोन दिवसांपासून."

मग मी नीट हुंगलं. चिखल... अन् पाणी टाकून विझवलेलं लाकूड.

पिंकी पलंगावरूनच म्हणाली, "तो उजवा खांदा उतरलेला माणूस पाह्य. उन्मेष आहे."

मी हसलो यार. "जावईबुवा तिकडं कळमन्याच्या बाजारात आंबे विकून राहिले, अन् तू त्याईले इंग्रजांच्या जमान्यात पाठवून राहिली?"

"हसू नको. काठीवाले आपले बाबा आहेत. अन् तो... मागं हात नेऊन कोपर धरलेला."

प्रेमानंद, माझा हात तेव्हा मागंच होता. कोपर धरलेला. पटकन सोडलं मी.

"हे सगळे कुठून परतून राहिले, दादा?"

"घाटावरून, आणखी कुठून..." म्हटलं अन् थांबलो. आपल्या नागपुरात घाटावर कोणी आंघोळीले जाते का बे? घाट म्हणजे घाट. मयत जाळून परतताना मागं पाहत नाहीत, तसंच एकानंही मागं नव्हतं पाहिलं.

"सगळे आहेत," ती हळूच म्हणाली. "मीच नाही."

"बाया कुठं घाटावर जातात वं? म्हणून नाही तू."

माझाच आवाज मले खोटा वाटला. ज्याले जाळलं, तोच तेवढा घाटावरून परतत नाही.

चित्र चादरीत गुंडाळलं, गाडीवर आडवं बांधलं अन् सक्करदऱ्यावरून सीधा रूमवर. संध्याकाळी तिचा फोन. "दादा, ताप उतरला! दोन ताट खिचडी खाल्ली!" मी तर एकटाच नाचलो रूममध्ये.

आज सकाळी चादर काढली. पायऱ्यांवर एक बाई. उन्मेषच्या बाजूले, डोक्यावरून ओढणी, एक पाय जरासा ओढत, लहानपणापासून आमची ओढते तसा. पिंकीच! बाया जात नाहीत म्हटलं होतं मी, ही गेली. ऐकते कुठं कोणाचं? पण डोळ्यात पाणी आलं गा माझ्या. ती चालून राहिली होती त्याईच्यासोबत... म्हणजे ती आहे.

मग मी मले शोधलं.

बाबा. उन्मेष. पिंकी. कोपर धरलेला कुठंच नाही. ती पायरी रिकामी. खरवडलेली नाही, पुसलेली नाही. नुसतं ऊन पडलेलं तिच्यावर.

तुले काहून बोलावलं? तू पाह्य एकदा. मी सापडतो का, सांग.

अन् पिंकीकडं पाह्य... सकाळी तिची नुसती ओढणी दिसत होती. आता मान वळली, कान दिसून राहिला.