पाचवं पान

हे घडलेलं आहे. ज्याला खोटं वाटेल त्याने जोयड्याच्या रानातल्या कुंभारवाड्याला उतरावं आणि वासूचं घर विचारावं. लोक वाट दाखवतील. सोबत कुणी येणार नाही.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती.

गेल्या वर्षीच्या पितृपक्षातली अविधवा नवमी होती, आणि भर दुपार.

नवऱ्याआधी गेलेल्या बाईचं पान त्या दिवशी वाढतात. वासूची बायको फुला त्याच्या आदल्या वर्षी श्रावणात तापाने गेली. जीप जोयड्याच्या दवाखान्यात पोचायच्या आत, वाटेतच. घरी परत आणली ते नुसतं अंग. वासूच्या मनातून ते जात नव्हतं. बाई वाटेवर राहिली असेल तर? वर्षश्राद्ध झालं होतं. आता पितरांच्या पंगतीत तिचं हे पहिलंच पान. तिला आपल्या माणसांत जागा मिळाली एवढं कळलं की त्याला पुरे होतं.

मुलगा प्रज्योत मडगावहून आला होता. त्याला घराण्याचं मूळ शोधायचा नाद. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते की फिरंग्यांनी गोव्यातल्या साष्टीतली देवळं पाडली, तेव्हा चार भाऊ देवाला टोपलीत घालून घाट चढले आणि या रानात राहिले. प्रज्योत साष्टीत हिंडला. ज्या घरातून ते भाऊ निघाले, ते घर त्याला सापडलं. मागे राहिलेले आता ख्रिस्ती झालेले. पण तिथल्या म्हातारीला गोष्ट माहीत होती. तिने बोटं मोजली आणि म्हणाली, "चार न्हय रे. पांच भाव."

पाचव्याचं नाव झिलू.

तोही देवाबरोबर घाट चढला होता. वर त्याचं काय झालं, ते तिलाही माहीत नव्हतं.

दुपारी अंगणात केळीची पानं मांडली. चार भावांची चार, वासूच्या अज्जाचं, आईबापाचं. शेवटी फुलाचं. तिच्या पानाशेजारी खण आणि हिरव्या बांगड्या. प्रज्योतने हळूच चार भावांच्या आधी आणखी एक पान ठेवलं.

"हे कुणाचं रं?" वासूने विचारलं.

"झिलूचं. बाबा, तो आपलाच माणूस. चारशे वर्षं उपाशी ठेवलाय आपण त्याला."

चुलतभाऊ लखू ओट्यावर नारळ खवत होता. तो हसला. "मग फोन लाव की तुझ्या त्या अज्जाला. रेंज हाय का बघ तिकडं."

"लखूकाका, तुम्ही खोबरं खवा. पितरांआधी वडे कुणी खाल्ले ते नंतर बघू."

वासू हसला नाही. "माझ्या बानं कधी घेतलं न्हाई हे नाव."

"त्यांना माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं, का घ्यायचं नव्हतं?"

प्रज्योतने पान नीट सरळ केलं. मग म्हणाला, "एकाला बाहेर ठेवून पंगत कशी पुरी होईल, बाबा? आई नीट बसावी असं वाटतंय ना तुम्हाला?"

वासूने पाण्याचा तांब्या उचलला.

त्यांच्या घरची रीत अशी. घरातला कर्ता अंगणाच्या तोंडाशी उभा राहतो, एकेकाचं नाव घेऊन बोलावतो. सगळी नावं झाली की तांब्यातल्या पाण्याची रेघ आडवी ओढतो. रेघ ओढली की आत आले ते आत. बाहेरचे बाहेर.

वासूने नावं घेतली. चार भाऊ. अज्जा. आई. बाप.

"बाबा, झिलू," मागून प्रज्योत म्हणाला.

"झिलू," वासू म्हणाला. "ये."

आणि त्याच्या हाताने रेघ ओढली.

इतकी वर्षं बापाच्या नावानंतर रेघच ओढत आला होता तो. फुलाचं नाव यंदा पहिल्यांदाच घ्यायचं होतं. हात सवयीने चालला.

ते राहूनच गेलं.

"फुला!" तो रेघेवरून ओरडला. "फुला, ये गं!"

फणसावर कावळे बसले होते... सगळे एकदम उडाले. एकही ओरडला नाही.

ओट्याखालचा कुत्रा उठला आणि परसातून पळत गेला.

मग आवाज आला...

कुणीतरी जेवत होतं.

घाईघाईने. घास न गिळता दुसरा घास कोंबल्यासारखं. अंगणात माणूस नव्हतं. पण झिलूचं पान रिकामं झालं होतं. पुसून घेतल्यासारखं. मग शेजारचं. मग त्याच्या पलीकडचं.

"लखू, पाण्याची बादली! रेघ धुवाया!" वासू ओरडला. लखू कधीच पळाला होता.

शेवटी फुलाचं पान हललं...

वासू धावला. पानावर दोन्ही हात ठेवले. हाताखालून भात गेला. बांगड्या उचलल्या, तर मुठीत काचांचे तुकडे होते.

तेवढ्यात बाहेरून, रस्त्याच्या बाजूने...

"अवो... मला वाढलंच न्हाई व्हय?"

फुलाचा आवाज. प्रज्योतनेही ऐकला.

वासू रेघ पुसायला गेला. पाय घासला, हात घासला. पाणी मातीने केव्हाच पिऊन टाकलं होतं. पुसायला काही उरलंच नव्हतं.

त्या दिवसापासून तो रोज फुलाचं पान वाढू लागला. अंगणात ठेवलं की डोळ्यांदेखत रिकामं व्हायचं, आणि बाहेरून तिची हाक यायची. एकदा त्याने पान बाहेर, रस्त्याकडेला ठेवलं. तेव्हा ती म्हणाली, "बाहेर जेवू काय मी? माझं घर हाय ते."

पूजाअर्चा सांगणाऱ्या गावकराला बोलावलं. तो अंगणाच्या तोंडापर्यंत आला, आत बघितलं आणि न बोलता माघारी गेला. प्रज्योतने मडगावला चला म्हणून किती विनवलं. वासू म्हणाला, "मी गेलो तर ती हाक कुणाला मारील?"

पुढे तिची हाक लांबून येऊ लागली. आधी फणसाखालून. मग ओढ्यापलीकडून.

दिवाळीनंतर ती आलीच नाही.

वासूने रोज दुपारी कान लावला. रानात एवढी शांतता की पानावर पान पडलेलं ऐकू यावं.

परवा त्याने पान घेतलं नव्हतं. नुसताच ओट्यावर बसला होता. पाठीमागून, घराच्या आतून, कुणीतरी बोललं. पुरुषाचा आवाज. जुना, कोरडा.

"वासू... वाढ."

वासू उठला. पान धुतलं, भात वाढला, उंबऱ्याच्या आत ठेवला.

मग त्याने विचारलं, "झिलू, फुला कुठं हाय?"

आत चावण्याचा आवाज येत होता.

आवाज थांबला...

आणि पुन्हा सुरू झाला.