रस्त्यावर राहिलेला दगड

सकाळी सहाला आंबेनळी घाटात रामाची मोटरसायकल दगडावर आदळली. महाडच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला निघालेला माणूस पाय मोडून वळणावर पडला. त्याला उचलायला धावलेल्यांनी सहज खाली पाहिलं, तर दरीत एक जीप झाडांत उलटी अडकलेली.

पोलादपूरचे हवालदार श्रीपत पोचले तेव्हा दगड रस्त्यातच होता. एका बाजूला टायरचा काळा डाग होता. श्रीपतांचं डोकं तिथेच फिरलं. चढावर चाकाखाली लावलेला दगड निघताना कडेला टाकायचा, एवढी अक्कल घाटातल्या प्रत्येक ड्रायव्हरला असते. कुठल्या नालायकाने तो तसाच सोडला?

ते दरीत उतरले. जीपमध्ये रक्ताचा थेंब नव्हता. किल्ली जागेवरच होती. हँडब्रेकची केबल तुटलेली, पण तुटलेलं टोक तारेने नीट बांधून ठेवलेलं होतं. मागच्या बाकाखाली एक लाकडी ठोकळा अडकला होता. त्याची दोरी जीपच्या मागच्या हुकाला बांधलेली होती.

जीप सहदेवची होती, कर्जावर घेतलेली. शिपायाने त्याला घरून चौकीत आणून उभं केलं. श्रीपत चौकीत परतले तर कर्ज देणारे गोमाजीशेठ कागद घेऊन आधीच हजर.

"सहदेवनं गाडी दरीत घातली आणि घाबरून घरी पळाला," शेठ म्हणाले. "विम्याचे पैसे मला मिळतील, कागदावर माझं नाव आहे. थकलेले हप्ते त्यानं भरायचे. आणि रामाचा पायही त्याच्याच नावावर घाला."

"तुम्ही जीप शेवटची कधी पाहिलीत?"

"दोन महिने झाले."

कोपऱ्यात उभा असलेला सहदेव उसळला. "खोटं हाय, साहेब! चार हप्ते थकले. घाटात एष्टी वाढली, मला पाशिंजर नाय. काल सांजंला जीप शेठच्या महाडच्या आवारात नेऊन लावली. म्हनलं, गाडी घ्या, मला मोकळा करा. किल्ली त्यांच्या हातात दिली."

"पावती?"

"उद्या ये, देतो म्हनाले. मी एष्टीनं घरी आलो."

पावती नाही. श्रीपतांना सहदेवच्या भोळेपणाचाही राग आला. हा गुन्हा अंगावर आला तर लायसन जाणार, आणि लायसनशिवाय सहदेवकडे दुसरं काहीच नव्हतं.

"हँडब्रेक कधी तुटला?"

"परवा. काल शेठच्या चंदूला सांगितला व्हता, जपून म्हनून."

"मग चढावर दगड लावतोस?"

"दगड नाय, साहेब. ठोकळा हाय, दोरीनं बांधलेला. गाडी निघाली की मागनं घसटत येतो. रस्त्यात राहत नाय."

श्रीपतांनी चंदूला आत बोलावलं. हप्ते वसूल करणारा शेठचा हा माणूस बाहेर रस्त्यापलीकडे विडी ओढत होता.

"जीप काल आवारात आली होती?"

"नाय. दोन महिने बघितली पन नाय."

"मग दरीत कशी गेली?"

"घाटात उभी केली असंल. गेली गडगडत."

"उभी केली तर हँडब्रेक लावलाच असेल."

"हँडब्रेक कुठं हाय तिला? दगडावरच तर..."

चंदू थांबला. उशीर झाला होता.

"हँडब्रेक परवा तुटला," श्रीपत ओरडले. "दोन महिने जीप न बघणाऱ्याला ते कसं कळलं? आणि दगडाचं मी तुला सांगितलं का? सहदेव थांबला असता तर ठोकळा लावला असता. ठोकळा बाकाखालीच राहिला, कारण चालवणाऱ्याला तो माहीतच नव्हता. त्यानं उतरून दगड लावला, गिअर काढला, दगड ओढला आणि जीप सोडून दिली. सांग, कुणी सांगितलं होतं?"

चंदूने शेठकडे बोट दाखवलं. "शेठनीच! म्हनाले, विकून निम्मं पन येनार नाय, विमा जास्त देईल."

"एक माणूस प्रामाणिकपणे गाडी परत करतो, शेठ," श्रीपत शेठकडे वळले, "आणि तुम्ही त्यालाच बुडवायला निघालात. लाज नाही वाटली?"

श्रीपतांनी शेठपुढे कागद आपटला. "आधी पावती लिहा. जीप काल संध्याकाळी मिळाली, म्हणून."

शेठनी लिहिलं. सहदेवने ओळ न ओळ वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि शेठकडे पाहिलं.

"ह्यात रामाचा पाय लिवायचा राहिला."

श्रीपतांनी फिर्यादीचा कोरा कागद ओढला आणि पहिलं नाव रामाचं लिहिलं.