रिकाम्या ट्रकमधला आवाज

हे माझ्या सख्ख्या मामासोबत घडलंय. विश्वास ठेवा, नका ठेवू. मामा थापा मारणाऱ्यांतला नाही.

वेळ भर दुपारची. एक वाजून वीस मिनिटं.

मामा तेव्हा सिनेमात साउंड रेकॉर्डिस्ट होता. युनिटमधले त्याला 'कान' म्हणायचे. पलीकडच्या खोलीत मोबाईल थरथरला तरी याला कळायचं. तेव्हा काम चालू होतं एका युद्धपटाचं... खेड्यातली कोवळी पोरं फौजेत जातात आणि घरचे वाट बघत बसतात, अशी गोष्ट.

सीन निरोपाचा होता. पोरांचे शॉट सकाळीच उरकले होते, ती जेवायला गेली होती. आता फक्त घरच्यांचे चेहरे घ्यायचे होते. म्हणजे ट्रक रिकामा... आणि समोर हात हलवणारी गावातली खरी माणसं.

इंजिनाचा आवाज हवा म्हणून मामाने ट्रकच्या मागच्या भागात माईक लावला होता.

पहिल्याच रांगेत शिवणकाम करणाऱ्या एक मावशी होत्या.

"तुमचा मुलगा चाललाय असं समजा," डिरेक्टर म्हणाला.

"बरं," मावशी म्हणाल्या.

त्यांचा मुलगा दोन वर्षांपूर्वी खरंच अशाच ट्रकमधून गेला होता. परत आला नव्हता. ना पत्र आलं, ना देह. हे युनिटमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं.

ट्रक सुरू झाला. सगळे हात हलवू लागले. मावशींचाही हात हलत होता... चेहरा मात्र कोरा.

आणि मामाच्या हेडफोनमधलं इंजिन बंद झालं.

समोर ट्रक धडधडत होता. कानात मात्र काहीच नाही.

मग... बूट सरकल्याचा आवाज.

मग कुणाचा तरी श्वास... अगदी माईकजवळ.

"आई, ऊन आहे. सावलीत जा."

ट्रकपासून मावशी चाळीस पावलांवर होत्या. त्यांनी हात खाली घेतला. वळल्या आणि शांतपणे झाडाखाली जाऊन उभ्या राहिल्या.

"कट. मावशी, मध्येच कुठे निघालात?"

"सावलीत जा म्हणाला."

"कोण?"

मावशींनी ट्रककडे पाहिलं.

मामा धावत ट्रकपाशी गेला. मागे कुणी नव्हतं. ड्रायव्हर म्हणाला, "दादा, मी सीटवरून हललोसुद्धा नाही."

मामाने रेकॉर्डिंग परत ऐकलं. आधी इंजिन. मग अकरा सेकंद काहीच नाही... वारासुद्धा नाही. मग परत इंजिन.

शॉट दुसऱ्या बाईवर घेतला गेला. मावशी झाडाखालीच बसून होत्या. मामा पाण्याची बाटली घेऊन त्यांच्याजवळ गेला.

"मावशी, मीही ऐकलं."

त्यांना नवल वाटलं नाही. बाटली हातात तशीच धरून राहिल्या.

"वर्षभर फौजेच्या ऑफिसातले लोक कागद घेऊन यायचे," त्या म्हणाल्या. "तो गेला असं मान्य आहे, इथे सही करा. मी परत पाठवायची. काल केली सही. कंटाळले हो."

मामा त्यांच्या शेजारी मातीत बसला.

"तुम्हाला आवाजातलं कळतं म्हणतात," मावशी म्हणाल्या. "रागावलेला वाटला का तो?"

"नाही. काळजी वाटत होती त्याला."

"आणखी काही बोलला? मला एवढंच ऐकू आलं."

"नाही," मामा म्हणाला. "एवढंच."

मावशींनी मान हलवली. दोन घोट पाणी प्यायल्या. अर्धं शिवलेलं काम पडलंय म्हणून घरी गेल्या.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. सिनेमा आला आणि गेला. मामाने तो पाहिला नाही. हेडफोनचं काम सोडलं, आता दुरुस्तीचं दुकान चालवतो.

मावशींशी खोटं बोललो, हे त्याने मागच्या महिन्यात पहिल्यांदा मला सांगितलं.

आवाज आणखी एक वाक्य बोलला होता. अगदी हळू.

"कालपासून मला उतरता येत नाहीये."