वहिनींनी सांगितलेलं कुलूप

पंखा जरा कमी करा रे, माझा घसा बसतो. हां. आपला चौकातला चावीवाला, अंधार पडायच्या आत दुकान बंद करतो म्हणून हसता ना त्याला? हे त्यानंच मला सांगितलेलं.

मागच्या मार्चमधला शेवटचा शनिवार. रात्री साडेआठला घरमालकाचा फोन आला. "तिसऱ्या मजल्यावर उद्या नवे भाडेकरू येतायत. आजच कुलूप बसवून टाक." जायची इच्छा नव्हती. पण कारण काय सांगणार?

त्या घरात आधी त्याचा दोस्त भाड्यानं राहायचा. त्या दोस्तानं तिथं बायकोला जीवे मारलं आणि मग स्वतःला संपवलं. लोक म्हणाले, सोन्यासारखा माणूस, एकाएकी डोकं फिरलं असेल. पंचनाम्याला आलेल्या फौजदार बाई म्हणाल्या, "एकाएकी नाही हो. बाई वेगळी व्हायला निघाली, की बहुतेक वेळा तेव्हाच होतं हे."

चावीवाला खाली मान घालून ऐकत होता. आदल्याच दिवशी वहिनी, म्हणजे दोस्ताची बायको, त्याच्या दुकानात आल्या होत्या. "भावजी, दाराचं कुलूप बदलून द्या. आजच. ह्यांना सांगू नका." हा हो म्हणाला. त्या वळल्या तसा ह्यानं दोस्ताला फोन लावला. नवरा-बायकोचं भांडण, मिटेल, असं वाटलं त्याला. वर थट्टाही केली, "लेका, घराबाहेर काढतायत बघ तुला."

तर त्या शनिवारी रात्री त्यानं कुलूप बसवलं. दार ओढून घेतलं. किल्ली फिरवून पाहिली. पेटी उचलली.

आतून आवाज आला. हळू.

"भावजी... बसलं का?"

घर रिकामं होतं. सगळ्या खोल्या त्यानंच पाहिल्या होत्या.

"आतून लागतं ना?"

तो कसंबसं म्हणाला, "लागतं, वहिनी."

मग...

"ह्यांना सांगितलंत?"

...

मला म्हणाला, "काका, भीती नाही वाटली. जमिनीत गडप व्हावंसं वाटलं."

तो तसाच जिना उतरला.

सकाळी मालक भाडेकरूंना घेऊन आला. किल्ली फिरली. दार हलेना. शेवटी शेजारच्या बाल्कनीतून माणूस उतरवला, काच फोडून आत गेला. आत कुणी नव्हतं.

दाराला वरची कडी, खालची कडी, साखळी... सगळं आतून लावलेलं.